ही सोय आता फक्त ॲपमध्ये

प्रिय धाकट्या,

‘प्रिय’ हा शब्द सवयीने लिहून झाला आहे, त्याचा फार अर्थ काढत बसू नकोस. कागदावर लिहिते आहे, कारण मेसेज केला तर तू पहिल्या दोन ओळी वाचून अंगठा दाखवतोस. फोन केला तर ‘ताई, मीटिंगमध्ये आहे, पाच मिनिटांत करतो’ म्हणतोस, आणि ती पाच मिनिटं पुढच्या आठवड्यात कधीतरी संपतात. कागदाला असं गुंडाळता येत नाही. हे पाकीट तुझ्या ऑफिसात येईल, रिसेप्शनवरची मुलगी ते तुझ्या हातात देईल आणि चार लोकांसमोर तुला ते फोडावं लागेल. हस्ताक्षर ओळखशीलच. शाळेत तुझे निम्मे निबंध याच हस्ताक्षरात होते.

माझं ठीक चाललंय. अजून त्याच डेंटल लॅबमध्ये, तिसऱ्या मजल्यावर, खिडकीशेजारच्या टेबलावर कवळ्या बनवते. मार्चमध्ये आमच्या मालकीणबाईंनी नवं मशीन घेतलं. तोंडाचं चित्र काढतं आणि त्यावरून कवळी आपोआप कोरून देतं. ते शिकवायला आलेला गृहस्थ तुझ्यासारखाच बोलत होता, तोंडभरून आणि कुणाकडेही न बघता. म्हणाला, आता हाताचं काम उरलंच नाही. मग मशीनने पहिली कवळी काढली. ती ज्या आजीबाईंसाठी होती त्यांना घातली असती तर घरच्यांनी त्यांना तबेल्यात नेऊन बांधलं असतं. मी ती कानस घेऊन दीड तास घासली आणि गृहस्थाने तिचा फोटो मशीनचं काम म्हणून वर पाठवला. मला तेव्हा तुझी आठवण आली. हे काही कौतुक नाही.

बाबा बरे आहेत. म्हणजे तू फोनवर विचारतोस तेव्हा जेवढे सांगतात तेवढे बरे आहेत. प्रत्यक्षात काय ते तुला माहीत नाही, कारण तू कधी दोन तासांपेक्षा जास्त बसलेला नाहीस, आणि ते दोन तास बाबा गोळीच्या वेळेप्रमाणे बेतून घेतात. त्यांची गोळी दिवसातून चार वेळा असते. घेतल्यावर पाऊण तासाने उजवा हात शांत होतो, मग दोन-अडीच तास बरे जातात, आणि त्यानंतर तो हात पुन्हा आपला नसल्यासारखा हलायला लागतो. पाय जड होतात. दारातून बाहेर पडताना उंबऱ्याशी ते थबकतात आणि आपण कुठे निघालो होतो ते पायांना परत सांगावं लागतं. तू येतोस त्या दिवशी ते गोळी पुढे-मागे करतात, म्हणजे तुला धड हाताने चहा देता येईल. हे मला चार वर्षं माहीत आहे. तुला आज कळतंय.

या कंपवाताच्या गोळ्या दुकानात नुसत्या मागून मिळत नाहीत. दर पंधरा दिवसांनी कसं वाटतंय, हात किती हलतो, झोप किती झाली, असा एक तक्ता भरून हॉस्पिटलला पाठवावा लागतो. डॉक्टर तो बघतात, मग औषधवाल्याकडे एक कोड येतो आणि तो गोळ्या देतो. ही सगळी सोय कुणाच्या कंपनीने बनवली ते तुला सांगायला नको. बाबांनी मात्र सगळ्यांना सांगितलं होतं. व्यायाम करून घ्यायला येणाऱ्या मुलीला, केस कापणाऱ्याला, शेजारच्या ड्रायव्हरकाकांना तर दोनदा. ‘हे जे पान दिसतंय ना, हे माझ्या मुलाने केलंय.’ ड्रायव्हरकाकांनी बत्तीस वर्षं बस चालवली, त्यांनी कधी कुणाला ‘हा रस्ता माझा’ असं म्हटलं नाही. पण बाबांचं त्यांनी ऐकून घेतलं.

तेव्हा बाबा ते पान कॉम्प्युटरवर उघडायचे. तू कॉलेजात असताना वापरलेला तोच काळा डबा, अजून बाहेरच्या खोलीत आहे. टेबलाच्या कडेला त्यांनी एक लाकडी पट्टी ठोकून घेतली होती. दोन्ही मनगटं तिच्यावर टेकवली की हात कमी हलायचा आणि कीबोर्डच्या जाड बटणांवर एकेक बोट नीट पडायचं. अक्षरं हवी तेवढी मोठी करता यायची. पंधरा दिवसांनी एकदा, रविवारी सकाळी, आंघोळ करून, चष्मा पुसून ते बसायचे. चाळीस मिनिटं लागायची. छापखान्यात एकोणचाळीस वर्षं मुद्रितं तपासलेला माणूस, ‘पाठवा’ दाबायच्या आधी सगळा तक्ता पुन्हा वरपासून वाचायचा. स्वतःच्या आजारातही त्यांना एक अक्षर चुकलेलं चालायचं नाही.

मग मागच्या वर्षी एका रविवारी तिथे पांढरं पान आलं. त्यावर एकच वाक्य, ‘ही सोय आता फक्त ॲपमध्ये उपलब्ध’, आणि खाली एक निळं बटण. बाबांनी मला हाक मारली. म्हणाले, ‘माझ्याकडून काही चुकीचं दाबलं गेलं का, बघ जरा.’ मी बघितलं. चुकीचं त्यांनी काही दाबलं नव्हतं. मी म्हटलं, तुमच्या लाडक्याला फोन लावते. ते म्हणाले, ‘नको. त्याने काहीतरी विचार करूनच केलं असेल.’

काय विचार केला होतास ते मला खरंच जाणून घ्यायचंय. ॲपसाठी फोन लागतो. बाबांकडचा फोन म्हणजे तू नवा घेतल्यावर उदारपणे दिलेला जुना, ज्याचा जीव चार्जर काढला की लगेच जातो. चार्जर खाटेमागच्या सॉकेटमध्ये, तिथेच फोन बांधलेला. त्या ॲपमध्ये आकडा निवडायला एक गोल ठिपका बोटाने दाबून धरून सरकवावा लागतो. हात किती हलतो हे सांगण्यासाठी न हलणारा हात पाहिजे. हे कुणाच्या डोक्यातून आलं? एका खोलीत दहा-बारा शिकलेली माणसं बसली असतील, समोर कॉफी असेल, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या असतील, आणि त्यातल्या एकालाही विचारावंसं वाटलं नाही की हा आजार काय असतो. बाबांचं बोट एकदा टेकताना चार वेळा टेकतं. ॲपला वाटतं कुणीतरी चोर आहे. मग ‘सुरक्षेसाठी आपलं खातं तात्पुरतं बंद केलं आहे, खातं उघडण्यासाठी कॉम्प्युटरवरच्या ब्राउझरमध्ये जा.’ ब्राउझरमध्ये जावं तर तो म्हणतो, फोनवर आलेला कोड टाका, मुदत साठ सेकंद. कोड टाकला तर, ‘धन्यवाद. आता ॲपमध्ये परत जा.’ ॲपमध्ये परत जावं तर भरलेलं सगळं पुसलेलं आणि ठिपका पुन्हा शून्यावर. सरकारी कचेरीत या टेबलावरून त्या टेबलावर पाठवतात म्हणून तू लहानपणी बाबांबरोबर रांगेत उभा राहून कुरकुर करायचास. तिथे निदान दोन्ही टेबलांमागे माणसं असायची आणि त्यांना आपला चेहरा दिसायचा.

त्या दिवसापासून मी माझ्या फोनवरून बाबांचा तक्ता भरायला लागले. ते शेजारी बसून सांगायचे, मी ठिपके सरकवायचे. त्यांना ते आवडायचं नाही. ‘झोप किती’ याचं उत्तर मुलीला द्यायचं म्हटल्यावर ते एक तास वाढवून सांगायचे.

याच काळात त्यांनी तक्रारी लिहायला सुरुवात केली. कॉम्प्युटरवरून मेल पाठवता येत होती, तेवढं तुम्ही बंद करू शकला नव्हतात. दर सोमवारी एक. छापखान्याच्या जुन्या पत्त्यावरून पाठवायचे, म्हणजे नाव दिसणार नाही, आणि खाली सही ‘एक वापरकर्ता’. मी विचारलं, मुलाला सरळ का नाही सांगत? तर म्हणाले, घरातल्या माणसासाठी नियम बदलला असं व्हायला नको, सगळ्यांसाठी बदलला पाहिजे. मी काही मसुदे वाचले आहेत. एकही वाक्य रागाचं नाही. कुठे अडलं, का अडलं, काय केलं तर अडणार नाही, इतकं स्वच्छ लिहिलेलं की तुमच्या त्या दहा-बारा जणांना फुकटात शिकवणी मिळाली असती. शेवटी भाषेच्या चुका. ‘काहीतरी चुकलं, असं आपण लिहिता. काय चुकलं ते लिहावं. कोणाचं चुकलं तेही लिहिता आलं तर उत्तम.’ तुमचं आपोआप येणारं उत्तर होतं, ‘आपली अभिप्राय आम्हाला मोलाची आहे.’ बाबांनी पुढच्या सोमवारी कळवलं की अभिप्राय पुल्लिंगी आहे. त्यालाही तेच उत्तर आलं, ‘आपली अभिप्राय’. ते सव्वीस वेळा आलं. सव्वीस आठवड्यांत तुमच्या अख्ख्या कंपनीला एका शब्दाचं लिंग बदलता आलं नाही, आणि तुम्ही जग बदलायच्या गोष्टी करता.

एक जुनी गोष्ट सांगते. तू विसरला असशील, तुला सोयीच्याच गोष्टी आठवतात. शेवटच्या वर्षाला असताना तू कॉलेजच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं शोधायचा एक प्रोग्रॅम केला होतास. एका रविवारी तू बाबांना त्याच काळ्या डब्यासमोर बसवलंस आणि म्हणालास, ‘मी काही सांगणार नाही. तुम्ही फक्त पुस्तक शोधा.’ आणि तू शेजारी स्टुलावर वही घेऊन बसलास. बाबा जिथे थांबतील तिथे खूण करायचास. ते जे वाक्य दोनदा वाचतील ते खोडून नवं लिहायचास. आई तेव्हा होती, ती जेवायला हाका मारून थकली, शेवटी तिथेच ताटं आणून ठेवली. संध्याकाळपर्यंत बाबा न अडता पुस्तक शोधायला लागले आणि तू मला खोलीतून ओढत आणलंस ते बघायला. तेव्हा तुला पगार नव्हता, पदवी नव्हती, रंगीत चिठ्ठ्या नव्हत्या. एक वही होती आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघायची अक्कल होती. ती नक्की कुठल्या बढतीच्या वेळी परत केलीस?

आता त्या जेवणाचं. बाबांना अठ्ठ्याहत्तर पूर्ण झाली त्या दुपारी तू, तुझी बायको, मी आणि बाबा. तू खुशीत होतास, नवी बढती मिळाली होती. मी मुद्दामच विषय काढला. म्हटलं, ते ब्राउझरचं पान का बंद केलंत रे? तू म्हणालास, ‘दोनच टक्के लोक वापरत होते, ताई. दोन टक्क्यांसाठी अख्खी टीम बसवायची का?’ आणि मग तुला ती गंमत आठवली. तुमच्याकडे कुणी एक म्हातारा आहे, दर सोमवारी मेल पाठवतो, शुद्धलेखनाच्या चुका काढतो. त्याला सगळे ‘शुद्धलेखन आजोबा’ म्हणतात. सोमवारी कॉफीच्या वेळी एकजण उभा राहून त्याची मेल कापऱ्या आवाजात वाचून दाखवतो. तू तो आवाज काढून दाखवलास. चांगला काढलास. नकला तुला लहानपणापासून जमतात. तुझी बायको हसली, तिला दोष नाही, तिला काय माहीत.

बाबाही हसले. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्यांनी टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. जोरात नाही, पण काढलाही नाही. मग चमचा खाली ठेवून त्यांनी तुला विचारलं, ‘त्याला उत्तर देता का रे तुम्ही?’ तू म्हणालास, ‘आपोआप जातं, बाबा. वाचायला कुणाला वेळ आहे?’ ते म्हणाले, ‘खरंय.’ आणि तुला आणखी भात वाढायला मला सांगितलं. त्यानंतर त्यांनी चमचा उचलला नाही. तुला वाटलं त्यांचं पोट भरलं. गोळीची वेळ टळून गेली होती, हात हलायला लागला होता आणि तो तुला दिसू नये म्हणून त्यांनी तो मांडीखाली दाबून धरला होता.

तुम्ही गेल्यावर मी भांडी घासताना काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. बाबा दाराशी खुर्ची घेऊन बसले होते. माझं संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, ‘त्याला कधी कळू द्यायचं नाही. उद्या तिथे कुणाला समजलं की ते आजोबा म्हणजे याचेच वडील, तर चारचौघांत त्याची काय पत राहील?’ माझ्याकडून शब्द घेतला. पुढच्या सोमवारी ते कॉम्प्युटरसमोर बसले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. तुमच्या ऑफिसात सोमवारची करमणूक गेली असेल, त्याबद्दल दिलगीर आहोत.

मार्चमध्येच त्या मशीनचं पुढचं काम शिकायला मला पाच दिवस बाहेरगावी पाठवलं. निघायच्या गडबडीत बुधवारी गोळ्या संपतायत आणि तक्ता भरायचाय हे मी विसरले. साफ विसरले. बुधवारी संध्याकाळी फोन केला तेव्हा बाबा म्हणाले, ‘इथे सगळं ठीक आहे. तू नीट शिकून ये.’ शेवटची गोळी त्यांनी सकाळी घेतली होती. दुपारी ते औषधवाल्याकडे जाऊन आले होते. तो बिचारा म्हणाला, ‘काका, कोड आला की त्याच क्षणी देतो, तोवर कॉम्प्युटर बिलच होऊ देत नाही.’ हॉस्पिटलला फोन लावला तर बाई बोलली की आपला कॉल मोलाचा आहे, जलद सेवेसाठी ॲप वापरा. तुला फोन करायचं त्यांच्या मनात आलं होतं की नाही, हे मी विचारलं नाही. उत्तर मला माहीत आहे आणि तुलाही.

गुरुवारी त्यांनी स्वतःच तक्ता भरायचं ठरवलं. ॲपने त्यांना पहिल्या पाच मिनिटांत चोर ठरवून बाहेर काढलं आणि ब्राउझरकडे पाठवलं. कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत, फोन आतल्या खोलीत खाटेमागे. कॉम्प्युटरवर ‘कोड पाठवा’ दाबायचं, आत जाऊन कोड वाचायचा, बाहेर येऊन टाकायचा, साठ सेकंदांच्या आत. मध्ये बारा पावलं आहेत. तू मोजून बघ, तुला आठ सेकंद लागतील. दीड दिवस गोळी न मिळालेल्या माणसाला एका बाजूलाच सव्वा मिनिट लागतं. तुमच्यात याला ‘वापरकर्त्याचा प्रवास’ म्हणतात ना? जेवताना तू म्हणाला होतास, आम्ही तो सुलभ केला. मी नंतर फोन उघडला तेव्हा त्यात नऊ कोड होते. नऊ वेळा गेले. नवव्या वेळी येताना खोलीच्या दारात पाय थबकले, अंग पुढे गेलं आणि पाय मागेच राहिले. कपाळ टेबलाच्या कडेवर आपटलं. ड्रायव्हरकाका पाच वाजता पत्ते खेळायला येतात, त्यांच्याकडे किल्ली असते. त्यांनी दार उघडलं तेव्हा बाबा दोन तास जमिनीवर होते. शुद्धीवर होते. काकांना पहिलं वाक्य म्हणाले, ‘कॉम्प्युटर बंद करून टाका, उगाच चालू राहिलाय.’ काका सांगतात, पडद्यावर लिहिलेलं होतं, आपलं सत्र संपलं आहे.

कपाळाला सात टाके पडले, एका बरगडीला चीर गेली. तुला काय सांगितलं? बाथरूममध्ये पाय घसरला. ते त्यांनीच ठरवलं, मी मान डोलावली. औषधवाला दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात आला, बाबांची माफी मागून गेला. त्याचा तर यात काही दोषही नव्हता. तू आला नाहीस, तुझं काहीतरी लाँच होतं. तू चालायला आधाराची चौकट पाठवलीस, पार्सलने. ती जोडायची कशी याचा कागद आत नव्हता. काळ्या ठिपक्यांचा चौकोन होता आणि खाली लिहिलेलं, माहितीसाठी फोनने स्कॅन करा. ड्रायव्हरकाकांनी ती पान्याने, अंदाजाने जोडली. चांगली उभी राहते.

मी तुला एवढं सगळं सुनावते आहे, तर माझा वाटाही सांगून टाकते. तारीख मी विसरले. आणि त्याआधी, तक्ता भरायला बसायचं माझ्याही जिवावर यायचं. बाबा एखादं उत्तर द्यायला वेळ लावायचे तेव्हा मी स्वतःच ठिपका मध्यावर सरकवून पुढे जायचे. एकदा त्यांनी ते पाहिलं. चष्मा काढून खिशात ठेवला. तेव्हा तुझ्याबद्दल जे वाटतं ते लिहिताना मी आरशासमोर बसलेली नाही असं समजू नकोस. फरक एवढाच की मला त्यांचा चेहरा दिसत होता. तुझ्याकडे निदान न दिसण्याची सबब होती, आणि ती आता मी काढून घेतली आहे.

हे सगळं मी गिळून बसले होते आणि बसलेही असते. पण शुक्रवारी तू बाबांना परस्पर फोन केलास. तुमच्या कंपनीची जाहिरात होणार आहे, येत्या नाही, त्यापुढच्या गुरुवारी सकाळी अकराला कॅमेरा घेऊन माणसं घरी येणार, तुझे साहेबही येणार, आणि ज्येष्ठ वापरकर्ता म्हणून बाबांनी हातात फोन धरून ‘ॲपमुळे माझं आयुष्य सोपं झालं’ एवढं म्हणायचंय. ते हो म्हणाले. मला म्हणाले, ‘त्या निमित्ताने तो अर्धा दिवस घरी थांबेल.’ काल मी कामावरून लवकर आले तर ते खाटेवर बसून होते, कोपराखाली उशी, हातात बंद फोन, समोर घड्याळ. हात न हलवता तीन मिनिटं धरायची सवय करत होते. तुझ्या साहेबांसमोर हलायला नको म्हणून गेले चार दिवस ते रोज गोळी दहा-दहा मिनिटं सरकवत आहेत, म्हणजे गुरुवारी अकराला हात सगळ्यात शांत असेल. यासाठी मी त्यांना दिलेला शब्द मोडला आहे आणि हे पत्र त्यांना माहीत नाही. तू त्याच्या आदल्या दिवशी, बुधवारी ये. एकटा, दुपारी चारच्या सुमाराला, गोळीची वेळ टळून गेलेली असते तेव्हा. एक दिवस आधी कसा आलास असं ते विचारतील, काहीही सांग, खोटं बोलायचा तुला सराव आहे. मग त्यांच्या हातात तुझं ते ॲप दे आणि शेजारी बस. काही मदत करू नकोस, काही बोलू नकोस, फक्त बघ. थोड्या वेळाने ते म्हणतील, मला काही त्रास होत नाही, तू जा, तुला उशीर होत असेल. तेव्हा उठू नकोस.

तुझीच,
ताई